तलवारीनंतरचा तराजू

इंदूर शहरात छत्रीबाग नावाची एक जुनी वस्ती आहे. होळकर घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडी छत्र्यांवरून तिला हे नाव पडले. नीरेकाठच्या होळ गावचा, खानदेशात मामाच्या आश्रयाने वाढलेला एक धनगराचा पोर घोड्यावर बसतो काय आणि माळव्याचा सुभेदार होतो काय, ही कथा मराठी माणसाला पुन्हा सांगण्याचे कारण नाही. मल्हाररावांचा अंत १७६६ च्या मे महिन्यात आलमपूर येथे झाला. त्यांचे पुत्र खंडेराव त्याआधी बारा वर्षे, १७५४ साली, कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पडले होते. जेथे जेथे हे पुरुष पडले तेथेही छत्र्या उभ्या राहिल्या. तथापि घराण्याची म्हणून जी स्मृती खुद्द इंदुरात दगडात कोरून ठेवलेली आहे, ती या छत्रीबागेत आणि नदीकाठच्या कृष्णपुऱ्यात.

या छत्र्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस आज लिहावयाचे आहे ते ज्यांच्या वाट्याला छत्री आली नाही त्यांच्याविषयी. होळकरांच्या मागे हजारोंच्या संख्येने जे स्वार, बारगीर, गोलंदाज आणि प्यादे माळव्यात आले त्यांच्या खुणा पाहावयाच्या तर इंदूरच्या मोहल्ल्यांची नावे वाचावीत. जिन्सी, तोपखाना, मल्हार पलटन, पागनीस पागा ही नावे फौजेच्या हजेरीपटावरून उचलून रस्त्याच्या पाटीवर चिकटवल्यासारखी आहेत. जेथे एके काळी तोफा आणि घोडे होते तेथे आता भांडी, कापड, औषधे आणि मोबाइल यांची दुकाने आहेत. पागेतल्या शिपायाचा वंशज आज कोणत्या तरी गल्ल्यावर बसलेला असेल, किंवा दुसऱ्याच्या गल्ल्यासमोर उभे राहून गिऱ्हाइकाला थान उलगडून दाखवीत असेल. पणजोबा पागेत, आजोबा संस्थानच्या लष्करात, वडील गिरणीत आणि नातू दुकानात, असा वंशवृक्ष इंदूरच्या मराठी घरांत काढावयाचा म्हटल्यास फार शोधावे लागणार नाही. तो चढता म्हणावा की उतरता, हा प्रश्न मात्र सोपा नाही.

शिपायाच्या आयुष्याचा विचार करताना आपण एक मोठी चूक करतो. त्याची कथा आपण रणांगणावर संपवितो. पडला तर हुतात्मा आणि जगला तर पदक, या दोन शब्दांपलीकडे आपली उत्सुकता जात नाही. वास्तविक लढाईत पडणाऱ्यांपेक्षा लढाईतून परत येणाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक असते, आणि परत आलेल्या माणसाला पुढे वीस, तीस, चाळीस वर्षे जगावयाचे असते. त्या वर्षांत त्याने काय करावे, कोणाच्या दारात उभे राहावे, मुलांना काय शिकवावे, याचा हिशेब कोणत्याही बखरीत नसतो. बखरकाराला पगारी शिपायाच्या निवृत्तीत काय रस असणार?

होळकरशाहीच्या लष्कराचा खरा शेवट २१ डिसेंबर १८१७ रोजी शिप्रेच्या काठी महिदपूर येथे झाला. आदल्याच दिवशी तुळसाबाईचा खून झालेला, गादीवरचे मल्हारराव दुसरे वयाने पोरसवदा, आणि समोर हिस्लॉप व माल्कम यांची कवायती फौज. दिवस मावळण्यापूर्वी निकाल लागला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. राजधानी इंदुरास स्थिरावली, रेसिडेंट आला, आणि इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर महू येथे इंग्रजांची छावणी बसली. सरदारांची व्यवस्था त्या तहांतून झाली. अमीरखानास टोंक मिळाले, गफूरखानास जावरा मिळाले. पेंढाऱ्यांच्या करीमखानालासुद्धा उत्तरेत जमीन देऊन बसविण्यात आले. परंतु रोजमुऱ्यावर लढणाऱ्या सामान्य शिपायास घोडा विकून घरी जाण्याखेरीज दुसरी वाट नव्हती. घोडा विकणे ही त्याने आयुष्यात केलेली पहिली विक्री असावी. त्या वर्षी माळव्यात घोड्यांना भाव तो काय आला असेल!

महूच्या छावणीशी आपल्या किनाऱ्याचे एक नाते आहे आणि त्यासाठीच आम्ही वाचकांना इतक्या दूर नेले. महिदपूर झाले नसते तर महू झाले नसते, आणि महू झाले नसते तर रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगडजवळच्या आंबडवे गावचा एक शिपाई तेथे पोचला नसता. त्याचे नाव रामजी मालोजी सकपाळ. वडील मालोजी हेही फौजेतलेच. कंपनी सरकारचे राज्य आले तेव्हापासून या घराण्याने गावकीची परंपरागत कामे सोडून पलटणीची वाट धरली होती. रामजींचे लग्न झाले ते ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकरांच्या घराण्यात, आणि तेही घर लष्करी अधिकाऱ्यांचेच. रामजी स्वतः सुभेदाराच्या पदापर्यंत चढले. परंतु त्यांची नोकरी मुख्यतः बंदुकीपेक्षा खडूशी निगडित होती. लष्करी शाळेत ते शिक्षक व पुढे मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांना चौदावे अपत्य झाले. ते म्हणजे भीमराव. हे गाव २००३ सालापासून त्या मुलाच्याच नावाने ओळखले जाते.

बाबासाहेबांच्या चरित्राची ही पहिली पाने सर्वांच्या वाचनातली आहेत. आम्ही येथे ती मुलाची म्हणून नव्हे, बापाची म्हणून वाचू इच्छितो. भीमराव दोन-तीन वर्षांचे असतानाच रामजी निवृत्त झाले. ज्याने उभे आयुष्य छावणीत काढले, ज्याला सलाम घेण्याची आणि देण्याची दोन्ही सवय होती, असा हा गृहस्थ बिऱ्हाड घेऊन कोकणात आला आणि दापोलीस राहिला. दापोली हे त्या काळी निवृत्त शिपायांचे गाव. इंग्रजांनी तेथे पूर्वी छावणी वसविली होती, म्हणून लोक तिला कँप दापोलीच म्हणत. पलटणीतून परतलेली महार कुटुंबे तेथे बरीच होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही फौजेतून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्यांची गणना होते. पेन्शनीतल्या हवालदाराने लेखक व्हावे, हेही एक प्रकारचे पुनर्वसनच.

याच सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या घरात तीन पिढ्यांची भाकरी पलटणीवर चालली त्या घरापुढे दार एकदम लागले. ते उघडावे म्हणून रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांकडे धाव घेऊन अर्ज तयार करण्याची खटपट केली, असे चरित्रकार नमूद करतात. अर्जाचा उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा १९१७ साली महारांची एक पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ साली ती मोडली गेली. महार रेजिमेंट कायमची उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले. शिपायाची गरज आणि शिपायाची कदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याला याहून बोलका पुरावा कशाला हवा?

दापोलीस रामजींचे मन लागले नाही. पेन्शन तुटपुंजी, मुले शिकवावयाची. त्यांनी साताऱ्यास सार्वजनिक बांधकाम खात्यात कोठारावरची नोकरी पत्करली. चुना, लोखंड, फावडी, घमेली यांची आवक-जावक लिहून ठेवणे हे काम. काल ज्याच्या हाताखाली वर्ग होता तो आज खिळ्यांची मोजदाद करू लागला. साताऱ्यातच १८९६ साली भीमाबाई गेल्या. रामजींची बहीण मीराबाई पाठीने वाकलेली, पण घर तिने सांभाळले. पुढे रामजींची बदली खटाव तालुक्यात झाली. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलाव खोदला जात होता. मजुरांचे पैसे वाटण्यासाठी रोखपाल हवा होता. दुष्काळी कामावरचा रोखपाल प्रामाणिक असणे हे त्या मजुरांच्या दृष्टीने जगण्यामरण्याचे प्रकरण असते. अशा जागी जुना सुभेदार नेमला जावा, यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही.

१९०१ साली उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना भेटीस बोलावणे गेले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे असा थाट करून ती मसूर स्थानकावर उतरली. वडिलांना निरोप पोचला नव्हता, त्यामुळे घ्यावयास कोणी आले नाही. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली आणि जात कळताच तो चार पावले मागे सरला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकावयाची, या बोलीवर एक जण तयार झाला आणि स्वतः पायी चालत राहिला. रात्रभर पाणी मिळाले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे आणि तो अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगितला जातो, ते योग्यच आहे. परंतु त्यात आणखीही एक गोष्ट दडलेली आहे. ही एका सुभेदाराची मुले होती. बापाने सरकारची इतकी वर्षे चाकरी केली, त्या चाकरीची पत मसूरच्या फलाटापर्यंतसुद्धा पोचली नाही. गणवेश उतरला की मानही खुंटीवर टांगला जातो.

असे असूनही या माणसाने एक गोष्ट पलटणीतून आणली होती आणि ती कोणी काढून घेऊ शकत नव्हते. ती म्हणजे अक्षर. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे असे, आणि त्या शाळांतूनच रामजींसारखी माणसे तयार झाली. कोठारपाल होण्यास लिहिता-वाचता आणि हिशेब येणे लागते, आणि ते येत होते म्हणूनच निवृत्तीनंतरची दुसरी चूल पेटली. १९०४ मध्ये कुटुंब मुंबईस आले. परळच्या डबक चाळीत एक खोली, त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप, त्यातच अभ्यास. मुलाला पहाटे दोनला उठवून दिव्याशी बसविणारा बाप तोच. पुस्तकाला पैसे नसले म्हणजे तो लग्न झालेल्या मुलीकडे जाई, तिचा दागिना आणून सावकाराकडे ठेवी आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करी. दागिना ठेवणे आणि सोडविणे या फेऱ्यांतून एक ग्रंथालय उभे राहिले! २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी निवर्तले. गंमत अशी की, त्या दिवसांत भीमराव बडोद्यास संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट होते. नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. घराण्याची लष्करी परंपरा अशी अगदी अखेरच्या क्षणी एकदा डोके वर काढून गेली.

रामजी सुभेदारांनी कधी माल विकला नाही, हे खरे. परंतु कोठारावरचा शिपाई आणि दुकानातला शिपाई यांच्यात अंतर फार नाही. दोघांनाही वयाच्या मध्यावर नवी भाषा शिकावी लागते. फौजेत हुकूम असतो, बाजारात आर्जव असते. फौजेत वस्तू मागितली की मिळते वा नाही म्हणून सांगितले जाते. बाजारात भाव वर सांगून खाली यावयाचे असते. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी माजी सैनिकांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत हातात नमुन्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरणे पत्करले आहे. कोणी विमा विकतो, कोणी पंप, कोणी औषधे, कोणी शिवणयंत्रे. मुंबईच्या मोठ्या दुकानांतून कापडाचा गज हाती धरून उभा असलेला, पाठ ताठ, मिशी कातरलेली, गिऱ्हाईक आत येताच नकळत टाचा जुळविणारा इसम कोणाच्या पाहण्यात नाही? त्याला मालाची खोटी तारीफ करता येत नाही. टिकेल का म्हणून विचारले तर दोन वर्षे टिकेल, पुढचे सांगता येत नाही, असे तो सांगतो आणि मालकाच्या कपाळाला आठी पडते. मात्र त्याच्या हिशेबात कधी पैचा घोळ निघत नाही. असा माणूस चांगला विक्रेता की वाईट, हे दुकानाने किती वर्षे चालावयाचे ठरविले आहे त्यावर अवलंबून आहे.

घरातली कथा याहून निराळी असते. वर्षातून एकदा दोन महिन्यांची रजा काढून येणारा पुरुष घरात पाहुणाच असतो. मनीऑर्डरीवर घर चालविणारी बायको, तिच्या हातात शेताचा, सासू-सासऱ्यांच्या औषधाचा, मुलांच्या शाळेचा सारा कारभार. निवृत्त होऊन तो कायमचा येतो तेव्हा त्याला घरात जागा करून घ्यावी लागते, आणि ती रणांगणावर ठाणे घेण्यापेक्षा अवघड असते. आमच्या गोमंतकात शिपायापेक्षा तारवटी अधिक, पण बोटीवरून उतरलेल्या माणसाचेही दुःख हेच आहे, हे येथल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. अशा वेळी बाहेरची नोकरी, मग ती दुकानातली का असेना, केवळ पैशासाठी नसते. सकाळी अंघोळ करून, कपडे चढवून, वेळेवर कोठे तरी हजर होण्यासाठी ती असते.

सरकारने याबाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या शिपायांसाठी १९१७ साली निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुण्याजवळ खडकीला आहे, आणि हात-पाय गमावलेल्या जवानांना तिने हुन्नर शिकविले. खडकीलाच कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर विमानातून झालेल्या गोळीबारात कमरेखाली लुळे झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. पुढे त्यांनी वर्षानुवर्षे पुण्यास टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. पदक आणि पद्मश्री यांच्यामध्ये सेहेचाळीस वर्षे गेली.

आणि सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले? आझाद हिंद सेनेचे सेनानी, पुढे नेहरूंच्या सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री. निर्वासितांचे पुनर्वसन पाहणारा हा मंत्री ज्या सेनेतून आला होता तिच्या शिपायांना स्वतंत्र भारताच्या फौजेत पुन्हा जागा मिळाली नाही. आझाद हिंदच्या शिपायांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शन सुरू झाली ती १९७२ साली. तोपर्यंतची पंचवीस वर्षे त्यांनी कोठे पहारा करून, कोठे दुकानात वजने मारून काढली. होळकरांच्या शिपायांचे नशीब त्या मानाने बरे म्हणावयाचे. संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा त्यांची एक पलटण भारतीय लष्करात घेतली गेली आणि ती कुमाऊँ रेजिमेंटची पंधरावी बटालियन झाली. तिच्या नावाला इंदूर हा शब्द अजून चिकटलेला आहे. डोंगराळ कुमाऊँची पलटण आणि नाव माळव्याचे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

हा सारा इतिहास आज उगाळण्याचे कारण आहे. १४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. पूर्वी जवान पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन परतत असे. आता साडेसतरा ते एकवीस वयोगटातला मुलगा चार वर्षांसाठी भरती होतो. चौघांपैकी जास्तीत जास्त एकाला पुढे ठेवले जाते. बाकीचे तिघे सुमारे पावणेबारा लाखांची सेवानिधी घेऊन घरी परततात. त्या रकमेचा निम्मा भाग त्यांच्याच पगारातून कापलेला असतो. पेन्शन नाही. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले, म्हणजे त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या आरंभी पुरी होतात. लष्कर तरुण राहावे हा या योजनेचा हेतू आहे आणि त्या हेतूशी आमचे भांडण नाही. निमलष्करी दलांत दहा टक्के जागा राखून ठेवण्याची घोषणाही झालेली आहे. परंतु ज्यांना त्या जागा मिळणार नाहीत अशी पंचविशीच्या आतली मुले बाजारात येणार. त्यांतली बरीच विक्रेता होणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. मोबाइलच्या दुकानात, मोटारींच्या दालनात, पाठीवर पेटी बांधून दुचाकीवरून घरोघर माल पोचविण्याच्या कामात ती दिसतील.

त्यात कमीपणा आहे, असे आम्ही मानीत नाही. आपल्याकडे व्यापाराला मध्यम आणि नोकरीला कनिष्ठ म्हणणारी म्हण आहे, आणि प्रत्यक्षात सारा समाज नोकरीच्याच मागे धावतो. ज्या मुलाने बर्फात पहारा केला त्याला दुकानात उभे राहणे जड जाणार नाही. जड जाईल ते त्याला आपल्या चार वर्षांचा कागद कोठे दाखवावा हे न कळणे. रामजी सकपाळांना फौजेने अक्षर दिले, म्हणून त्यांना कोठार मिळाले. आजच्या मुलाला फौज काय देऊन पाठविते, हे विचारण्याचा अधिकार त्याच्या आईबापांना आहे. शेवटच्या सहा महिन्यांत त्याला हिशेब, संगणक, वाहनदुरुस्ती, विक्री यांपैकी एखादे काम रीतसर शिकविले आणि त्याचा बाजारात चालेल असा दाखला दिला, तर सेवानिधीची रक्कम पहिल्याच वर्षी एखाद्या भामट्याच्या योजनेत जाण्याचा धोका कमी होईल. आमच्या किनारपट्टीवर असे भामटे कमी नाहीत.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा येथील सैनिक कल्याण कार्यालयांनी आपापल्या भागातून किती मुले या योजनेत गेली, ती कोणत्या महिन्यात परतणार आणि कोणते काम जाणतात, याची यादी आतापासून तयार करावी. व्यापारी संघ, सहकारी संस्था आणि औद्योगिक वसाहतींतले कारखानदार यांना ती पाठवावी. कारखानदारांनीही पाठ ताठ आहे म्हणून त्या मुलाला फाटकावर उभे करण्यापूर्वी त्याला आणखी काय येते, हे एकदा विचारावे.